धोंड्याचा महिना आणि माझं पोट

७ मार्च, शनिवार

ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा! हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पोट फुगवायला आत गॅस भरतात म्हणे, तो वर चढून खांद्यात बसतो. नर्स म्हणाली, चाला, चालल्यावर जाईल. मी म्हणालो, बाई, चालणं जमत असतं तर इथं आलो असतो का. ती हसली नाही.

आज घरी सोडलं. पोटावर बारक्या बारक्या पट्ट्या. आत जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा आवळलाय — बँड. त्याच्या वर चिमूटभर जागा, तेवढंच आता माझं पोट. एवढं भरलं की झालं जेवण. डाव्या बाजूला कातडीखाली एक बटण ठेवलंय, त्यात सुई घालून पट्टा सैल-घट्ट करता येतो. पाइपाला व्हॉल्व बसवतो तसंच की! हात लावून पाहिला. नाण्याएवढं टणक काहीतरी लागतं. पुन्हा लावला नाही.

रोज पोटात काय गेलं ते लिहायला डॉक्टरांनी सांगितलंय. आज: नारळपाणी, साधं पाणी, साधं पाणी. झालं लिहून. पान मोकळंच राहिलं म्हणून बाकीचं लिहितोय.

८ मार्च

जिवंत आहे. खांदाही आहे.

१० मार्च, मंगळवार

सकाळी दुधनीहून अव्वांचा फोन. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, गौरम्मा. फोन नेहमीसारखा महानंदाला. मायलेकींचं कानडीत बराच वेळ चाललं होतं, त्यात 'ऊटा' सारखं येत होतं. म्हणजे जावई जेवला का. महानंदानं माझ्याकडं बघत सांगून टाकलं, जेवले, पोटभर जेवले. मी तेव्हा चमच्यानं मुगाचं पाणी पीत होतो.

अव्वांना सांगायचं नाही हे महानंदाचं. सासऱ्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आमच्या लग्नाआधी. दुखणं फार पुढं गेलेलं. ते दवाखान्यातून घरी आलेच नाहीत. आता जावयाच्या पोटाचं ऑपरेशन झालं असं कानावर पडलं तर अव्वा तिकडंच अंथरूण धरतील, असं ती म्हणते. मी बरं म्हणालो. खरं तर मलाही सांगायचं नाहीच आहे. माझं कारण वेगळं.

१४ मार्च, शनिवार

कारण लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय!

मी सयाजी, नातेपुत्याचा. आमच्या घरात मराठी. सासुरवाडी दुधनी, तिथं सगळं कानडी. एकाच समाजातले आम्ही, पण बोली वेगळी. अव्वांना मराठीचा एखादा-दुसरा शब्द कळतो, बोलता येत नाही. मला कानडी शब्द येतात तीन-चार. ऊटा म्हणजे जेवण. छलो म्हणजे छान. साकु म्हणजे पुरे. त्यातला साकु मी दुधनीत आजवर काढलेला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा शेंगापोळ्या केल्या होत्या. अव्वा वाढत गेल्या, मी खात गेलो. त्या 'इन्नs स्वल्प' म्हणायच्या, अजून थोडं, आणि मी मान हलवायचो. शेवटी पीठच संपलं. अव्वांनी तवा उतरवला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्याला सतरा वर्षं झाली. आमचं बोलणं म्हणजे तेवढंच. त्या वाढतात, मी खातो. सुखाचं-दुःखाचं जे काय असेल ते त्यातच. महानंदा म्हणते, तुमच्या दोघांचं जेवढं जमतं तेवढं माझं माझ्या आईशी जमत नाही.

दुधनीत माझी वट कशावर? सोलापुरात मोटार वायंडिंगचं दुकान आहे म्हणून? काही नाही. गौरम्माचा जावई लई खाणारा, यावर! आता हे चिमूटभर पोट घेऊन त्या बाईसमोर बसायचं कसं?

१५ मार्च

मग ऑपरेशन केलंस कशाला, असं कुणी विचारलं तर? विचारत नाही कुणी, पण मीच विचारतो.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत गेलो होतो सगळे. दुधनीहून मेहुणा भिमाही आला होता. आरोहीला मोठ्या पाळण्यात बसायचं होतं आणि पप्पा बरोबर पाहिजेत. चौदा वर्षांची पोरगी, अजून बापाला बरोबर चल म्हणते, किती दिवस म्हणणार आहे! पाळणेवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, काका, तुम्ही नका, एक बाजू बसंल. भिमा मोठ्यांदा हसला. लोक वळून बघायला लागले. मीही हसलो. सगळ्यांत जास्त मीच हसलो. आरोही एकटी वर गेली, तिथून हात हलवत होती, आणि मी खाली शेंगदाणे खात उभा.

रात्री झोपेत श्वास अडकायचा, गुडघे बोलायचे, ते होतंच. पण डॉक्टरकडं गेलो तो त्या पाळण्यामुळं. डॉक्टरांनी दोन-तीन प्रकार सांगितले. मी बँड घेतला, कारण तो नको झाला तर काढता येतो. काहीतरी परत फिरवता येण्यासारखं असलेलं बरं.

१९ मार्च

पाडवा. सगळ्यांना पुरणपोळी. मला पुरणाचा कट. तोही गाळून.

२१ मार्च, शनिवार

ईद. कासीम माझा भागीदार, दुकान आम्ही दोघांनी मिळून काढलं. रोज्यांच्या महिन्यात तो उपाशी आणि मी घरी मुगाच्या पाण्यावर. फोनवर म्हणायचा, 'तू बी रोजे में, मैं बी रोजे में. फरक इत्ताच, मेरे को शाम को मिलता.'

आज त्याची बायको जाहिदाभाभी शीरखुर्मा घेऊन आली. आधीच वेगळा काढलेला. शेवया, खारका, बदाम, सगळं गाळून नुसतं दूध. छोट्या वाटीत. महानंदानं सांगितलं नव्हतं, भाभीनं स्वतःच्या डोक्यानं केलं. मी वाटी घेतली आणि डोळे भरून आले. हल्ली असं होतं. पोट लहान झाल्यावर पाणी डोळ्यांकडं वळतं की काय कोण जाणे!

अर्धी वाटी संपली आणि नको वाटलं. मला! शीरखुर्मा! नको!

३० मार्च, सोमवार

दुकानावर गेलो. बसायचं फक्त, उचलायचं काही नाही. उजनीचं पाणी उतरायला लागलंय. धरणाकाठच्या लोकांच्या मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात, मग आमचा सीझन. दारात जळक्या मोटारींची रांग. कासीम एकटा उचलाउचली करतोय आणि मी स्टुलावर बसून तांब्याच्या तारेचे फेरे घालतोय. स्टूल करकरलं नाही. मी दोनदा मुद्दाम हलून पाहिलं.

अकलूजकडचा एक गिऱ्हाईक म्हणाला, मालक, आजारी होता व्हय, लई वाळलात. कासीम तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, चालायला जातो.

५ एप्रिल, रविवार

बुटाची नाडी बांधली. वाकून. स्वतः. एका दमात!

आत्तापर्यंत महानंदा बांधायची नाहीतर चप्पल. बांधून झाल्यावर सोडली आणि परत बांधली. आरोही दारातून बघत होती, म्हणाली, पप्पा, पहिलीतल्या पोरासारखं काय चाललंय.

आणखी एक. माझं घोरणं बंद झालंय. त्यामुळं महानंदाला झोप येईना! मध्येच उठून माझ्या नाकाखाली बोट धरून बघते. मी म्हणालो, अगं आहे मी. म्हणाली, तुमचं काय, आवाज आला की निर्धास्त वाटायचं. बायकांचं कशातच समाधान नाही.

पण खरं सांगू? सकाळी उठल्यावर डोकं हलकं असतं. कित्येक वर्षांत असं उठलो नव्हतो. अंथरुणात नुसता पडून राहिलो आणि श्वास घेत राहिलो. फुकटचं सुख.

१६ एप्रिल, गुरुवार

पट्टा पहिल्यांदा घट्ट केला. डॉक्टरांनी कातडीवरून बटण चाचपलं, सुई घातली, मिठाचं पाणी भरलं, उभं करून पेलाभर पाणी पाजलं. उतरलं. एवढंच. चहाला जेवढा वेळ लागतो तेवढाही नाही. मी घामानं भिजलो होतो ते वेगळं.

आता सगळं खायचं, म्हणाले. बारीक घास, खूप चावायचं, सावकाश. जेवताना पाणी नाही. घटाघटा तर कधीच नाही. डॉक्टर पुण्याचे. सोलापूरचा एप्रिल त्यांना काय माहीत! उन्हातून आल्यावर माठातलं पाणी उभ्यानं ढोसायचं सुख गेलं ते गेलंच. चिमणीसारखं पितोय.

२२ एप्रिल, बुधवार

चपाती अडकली! मऊसूत, तुपातली, महानंदानं मायेनं केलेली चपाती. दोन घास गेले, तिसरा छातीच्या मधोमध दगड होऊन बसला. तोंडाला पाणी सुटलं, फेस यायला लागला. दुकानाच्या मागं जाऊन काढावा लागला. त्यानंतर गार वारा लागल्यासारखं मोकळं वाटतं, पण त्याआधी मेलोच असं वाटतं.

कासीम घाबरला. पाठीवरून हात फिरवत बसला. चहाबरोबर खारी होती त्याची. मी सहज एक तुकडा घेतला, चावला, चावला, आणि गेला खाली! काही नाही. भात अडकतो, पाव अडकतो, चपाती अडकते, आणि खारी जाते.

घरी येऊन कडक भाकरी काढली. ज्वारीची, पापडासारखी, महानंदा डबाभर करून ठेवते. तुकडा मोडला, तोंडात त्याचा पार चुरा केला. गेला! शेंगाचटणी लावून दुसरा. गेला! डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, हो, मऊ पदार्थाचा गोळा होतो, कुरकुरीत बरं जातं, मी सांगितलं होतं तुम्हाला. सांगितलं असेल. मी तेव्हा सुईकडं बघत होतो.

पाव भाकरीत माझं जेवण झालं. ताट पुढं सरकवून बसलो. पोट शांत. मागं कुणी आरडाओरडा करत नव्हतं, आणखी आण, आणखी आण म्हणून. इतकी वर्षं आत जो कोण ओरडत होता तो गप्प झालाय. त्याच्याशिवाय करमत नाही थोडं, पण गप्प झालाय ते बरं.

३ मे, रविवार

आलं बोलावणं.

यंदा अधिक महिना, धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येतो. जावयाला घरी बोलवून धोंडे खाऊ घालायचे, म्हणजे पुरण भरलेले, वाफवलेले, वर तुपाची धार. गेल्या खेपेला मी किती खाल्ले होते ते दुधनीत अजून सांगतात. भिमाचा फोन आला, दाजी, एकतीसला या, अव्वानं आत्तापासनंच गूळ आणून ठेवलाय.

पुरण भरलेलं, वाफवलेलं, मऊ. अडकायला याच्याइतकं चांगलं जगात दुसरं काही नसेल.

४ मे

महानंदाला म्हणालो, सांगून टाकू. म्हणाली, अव्वाचं बीपी वाढलंय, आत्ता नको. मग जायलाच नको म्हणालो. तर म्हणाली, धोंड्याला जावई आला नाही, आणि लोकांनी काय समजायचं?

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला.

२६ मे, मंगळवार

भांडण. मी म्हणालो, मी तुझ्या आईला फसवणार नाही. महानंदा म्हणाली, फसवू नका, थोडं खा आणि छलो म्हणा. मी म्हणालो, मी थोडं खाल्लेलं त्या बाईनं कधी पाहिलंय का? म्हणाली, मग पट्टा बांधायच्या आधी विचार करायचा. लागलं मला. तिलाही कळलं. संध्याकाळी न विचारता ताक करून आणलं, आणि म्हणाली, मी बाबांना दवाखान्यात डबा घेऊन गेले होते, तो तसाच परत आणला. अव्वानं दारातच डबा हातात घेतला आणि जड लागला तेव्हाच तिला कळलं. हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. मी ताक चमच्यानं पीत राहिलो.

शेवटी बेत ठरला. बारीक घास, खूप चावायचं, वेळ काढायचा. आरोही शेजारी बसून माझ्या ताटातलं हळूच उचलणार. आरोहीला हा सगळा प्रकार लई आवडलाय.

३१ मे, रविवार. दुधनी

माडीवर बसून लिहितोय.

सकाळी पोचलो. अव्वांनी दारात पायांवर पाणी घातलं, कपाळाला विभूती लावली आणि हात मागं घेता घेता थांबल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. महानंदाला काहीतरी विचारलं. तिनं चालण्याचं सांगितलं असावं, कारण पाय दाखवत होती. अव्वांनी मान हलवली पण तोंड उतरलं ते उतरलंच. माझ्यासाठी शर्ट आणला होता, जुन्या मापाचा. घातला तर आत आणखी एक सयाजी मावला असता. भिमा हसला नाही. नेहमी हसतो.

दुपारी पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी. धोंडे, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भरली वांगी, भजी, शेंगाचटणी. बाजूला कडक भाकरीही होती, पण धोंड्याच्या दिवशी जावयानं भाकरीला हात लावायचा नसतो. पहिले घास नीट गेले. चावत होतो, छलो छलो म्हणत होतो, आरोही आपलं काम चोख करत होती. तेवढ्यात अव्वा पातेलं घेऊन समोर आल्या. ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'ऊट माड्री,' म्हणाल्या. जेवा. नेहमी हुकूम असतो तो. आज विनंती होती.

तिच्यायला, सतरा वर्षांची सवय! अर्धा धोंडा उचलून तोंडात घातला आणि दोनदा चावून गिळला.

बसला. छातीच्या मधोमध. तोंडाला पाणी सुटलं. मला माहीत होतं पुढं काय होणार, आणि ते ताटावर होऊन चालणार नव्हतं. अव्वा पुढचा धोंडा घेऊन वाकल्या होत्या. मी ताटावर हात आडवा धरला.

'साकु.'

भिमाचा घास हातातच राहिला. अव्वांचा धोंडा तसाच वरच्या वर. आणि मी उठलो. भरल्या ताटावरून! धोंडे खायला आलेला जावई! हात न धुता मागच्या दारानं गोठ्यापलीकडं गेलो आणि तिथं एकदाचं ते बाहेर आलं. महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती. दुसरं कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परत आलो तर ताट उचललेलं, रांगोळी पुसलेली. मी म्हणालो, उन्हाचं झालं जरा. भिमा पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. अव्वा आत, दार लोटलेलं.

अंग हलकं झालंय आणि मन दगडासारखं. सतरा वर्षांत जे बोलणं होतं ते एका शब्दात संपवून बसलो.

१ जून, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी भिमा चहा घेऊन माडीवर आला. कप खाली ठेवला आणि एकदम माझे पाय धरले. मी दचकलोच. म्हणाला, 'दाजी, माझं चुकलं. गड्ड्यात हसलो त्ये. अव्वा म्हणती तुमी तवापासनं रुसलाय. तितं घरात बी खात न्हाई, हितं बी ताटावरनं उठला. काल दुपारपासनं तिनं पाण्याचा घोट घेतला न्हाई. तुमी जेवल्याबगर ती जेवायची न्हाय.'

मी रुसलोय! रुसलेला जावई! आधी हसू आलं, मग ते तिथंच थांबलं. कारण लागलं तर होतंच मला त्या दिवशी. अव्वांचा अंदाज चुकला होता आणि चुकला नव्हताही. मी त्याला उठवलं, म्हणालो, तुझ्या हसण्यानं माझं भलं झालंय लेका, चल खाली.

अव्वा चुलीपाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. महानंदाला म्हणालो, सांग. ती मान हलवून नको म्हणायला लागली. मी म्हणालो, तुझी आई माझ्यापायी उपाशी बसलीय, तू सांगत नसशील तर मी सांगतो. म्हणाली, तुम्ही कुठल्या भाषेत सांगणार?

मी शर्ट वर केला. जावयानं सासूसमोर! पण केला. पोटावरचे वण दाखवले. मग महानंदाला बोलावंच लागलं. ती बोलत होती, रडत होती, मध्ये मध्ये बाबांचं नाव येत होतं. अव्वांनी भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला आणि परत बसल्या. काहीतरी विचारलं. महानंदाला हुंदक्यामुळं सांगता येईना, म्हणून आरोहीनं सांगितलं. आज्जी विचारतीय, दुखतंय का.

मी नाही म्हणालो. अव्वांनी बोट पुढं केलं, मागं घेतलं. मी त्यांचं बोट धरून त्या बटणावर ठेवलं. सतरा वर्षं पाया पडत आलोय, हात कधी धरला नव्हता. त्यांनी चाचपून पाहिलं. पीठ मळून मळून कडक झालेलं बोट.

मग त्या बोलल्या. खूप वेळ, खालच्या आवाजात, माझ्याकडं बघून. आरोही एकेक वाक्य मराठीत करत होती, एरवी चुरुचुरु बोलणारी पोरगी, पण आज दबकत.

'आज्जी म्हणती, आईला विचारलं की ती बरंच चाललंय म्हणणार. वाईट असलं तरी. म्हणून आज्जी तुमच्या ताटाकडं बघायची. तुम्ही पोटभर जेवला की ती समजायची, घरात भांडण नाही, दुकान चालतंय, आईला सुख आहे.'

मला वाटायचं माझ्या खाण्याचं कौतुक चाललंय!

अव्वा आणखी काहीतरी म्हणाल्या.

'ती म्हणती, मग आता मला कसं कळायचं?'

मी चुलीसमोरच मांडी घातली आणि भाकरीकडं बोट दाखवलं. अव्वांनी कडक भाकरी मोडून दिली, दही दिलं. मी एकेक तुकडा चावत बसलो. सगळं घर माझ्या जबड्याकडं बघत होतं. पाव भाकरी संपवून ताट दाखवलं. छलो, म्हणालो. अव्वा उठून आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं तिथून भाकरी मोडल्याचा आवाज आला, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

२ जून

सोलापूर. दुकान. जळक्या मोटारी. झोप छान लागली.

६ जून, शनिवार

छातीवरचं ओझं उतरलंय. पोटावरचं तर उतरतंच आहे. आता कुणापासून काही लपवायचं नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर कासीम मोठ्या आवाजात सांगतो, उसके पेट को बेल्ट लगाया. मी कुणाला चालण्याचं सांगत नाही.

भिमाचा रोज फोन, आज काय खाल्लं दाजी? अव्वा मागं उभ्या असतात, ऐकू येतं. मी सांगतो, अर्धं वांगं, पाव भाकरी. तो कानडीत करून सांगतो. पण अव्वांचा विश्वास बसत नाही. त्यांना ताट बघायची सवय. भिमाचा फोन साधा बटणांचा, त्यावरून ताट कसं दाखवायचं! त्यांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

११ जून

आरोहीला घेऊन बागेतल्या पाळण्यावर बसलो. साधाच पाळणा, खालचा. ती म्हणाली, पप्पा, लाज वाटते, लहान पोरांचा आहे. बसली मात्र.

१४ जून, रविवार

अव्वा आल्या! एकट्या, रेल्वेनं, कडक भाकरीचं गाठोडं घेऊन. महानंदा आरोहीला घेऊन तिची वह्या-पुस्तकं आणायला गेली होती. घरात आम्ही दोघंच आणि भाषा एकही नाही.

मी दोन ताटं मांडली, समोरासमोर. अव्वा हातानंच म्हणाल्या, तुम्ही आधी. मी ताट लांब सरकवलं आणि तोंड फिरवून बसलो. रुसलो! कळलं त्यांना. पदर तोंडाला लावून हसल्या आणि बसल्या.

सतरा वर्षांत मी त्यांना जेवताना पहिल्यांदा पाहिलं. कायम माझ्या डोक्याशी उभ्या असायच्या. डाव्या बाजूला दाढाच नाहीत. तुकडा एका बाजूला ठेवून माझ्यापेक्षाही सावकाश चावतात. पाव भाकरीवर थांबल्या. कधीपासून थांबतात, कुणाला माहीत? त्यांच्या ताटाकडं कोण बघत होतं!

मी भाकरी उचलली. 'इन्नs स्वल्प?'

त्यांनी ताटावर हात आडवा धरला. 'साकु.'

मी एक तुकडा मोडून दह्यात भिजवला आणि त्यांना वाढलाच.